घरातला गारवा, गल्लीतला उन्हाळा

नेसरी म्हटले की कुणालाही प्रतापराव गुजरच आठवतात. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर त्यांनी घेतलेली झेप आमच्या गावाच्या नावाला कायमची जोडली गेली आहे. गडहिंग्लज तालुक्यातल्या या गावाला आणखीही काही इतिहास असेल, हे बाहेरच्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. आज मला खिंडीतल्या लढाईविषयी बोलायचे नाही. गावातल्या घरांविषयी, दोन घरांमधल्या गल्लीविषयी आणि त्या गल्लीतल्या हवेविषयी बोलायचे आहे. लढायांच्या तारखा लिहून ठेवल्या जातात. भिंत कधी बदलली, छप्पर कधी बदलले आणि त्यापायी दारातली हवा कधी बदलली, याची नोंद मात्र कोणी ठेवत नाही. तरीही तो इतिहासच आहे, आणि तो आता आपल्या विजेच्या बिलापर्यंत येऊन पोचला आहे.

हवामान म्हटले की आपल्याला मान्सून, कमी दाबाचा पट्टा, कमाल आणि किमान तापमान आठवते. ते सगळे खरेच. पण त्या मोठ्या हवामानाच्या पोटात अनेक लहान हवामाने नांदत असतात. पिंपळाच्या पारावरची हवा वेगळी, बाजारपेठेतल्या डांबरी रस्त्यावरची वेगळी आणि पत्र्याच्या खोपटातली वेगळी. शास्त्रज्ञ याला सूक्ष्म हवामान म्हणतात. घराला थंड किंवा ऊब राखायला किती इंधन, किती वीज लागेल हे बाहेरच्या या हवेवर ठरते. आणि ही बाहेरची हवा कशी असेल, हे पुष्कळसे घरेच ठरवतात. असे हे दुहेरी नाते आहे. माझे गाव नेसरी, पण नोकरीनिमित्त आयुष्याची बरीच वर्षे मुंबई-पुण्यात गेली. त्यामुळे हे नाते तीनही ठिकाणी मला पाहता आले, आणि त्याचा मागोवा घेताना थोडे इतिहासातही जावे लागले.

आधी आमच्याकडचे जुने घर कसे असायचे ते पाहू. मातीच्या किंवा जांभ्या दगडाच्या भिंती, दीड-दोन फूट जाडीच्या. पुढे सोपा, आत माजघर, मागे परडे. वर माळा आणि माळ्यावर कौले. आधी कुंभाराची खापरी कौले होती. पुढे मंगळुरी कौले आली. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती लाल कौले बघता बघता कोकणात आणि घाटावर पसरली. अशा घरात चैत्राच्या दुपारी माजघरात शिरले की गारवा जाणवायचा. त्यात जादू नव्हती. जाड मातीच्या भिंतीतून उष्णता अगदी सावकाश आत सरकते. सकाळपासून तापलेल्या भिंतीची ऊब आतल्या बाजूला पोचेपर्यंत मध्यरात्र उलटून जाते, आणि तोवर बाहेर गार वारा सुटलेला असतो. कौले तापतात, पण पातळ असल्याने सूर्य कलल्यावर लवकर निवतात. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. मधला माळा, त्यावरचे कडबा-शेणीचे, भांड्याकुंड्यांचे सामान आणि खालची पाटणी ही कौलांची धग खाली येऊ देत नाहीत. परड्यात एखादे फणसाचे, शेवग्याचे झाड आणि सांडपाण्यावर वाढलेली केळ असायची. घर वीज खात नव्हते, कारण वीज नव्हतीच. आणि घर गल्लीत उष्णताही टाकत नव्हते.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही खात्यापित्या घरांची कथा झाली. ज्यांच्याकडे जाड भिंत घालण्याइतकी जागा नव्हती, लाकूड नव्हते, त्यांची घरे कुडाची, गवताची आणि नंतर पत्र्याची होती. तेव्हाही गारवा सगळ्यांना सारखा वाटला गेलेला नव्हता. पण एकाच्या घरातला गारवा दुसऱ्याच्या घरातला उकाडा वाढवत नव्हता. तो फरक पुढे पडला.

शहराची हवा खेड्याच्या हवेपेक्षा उष्ण असते, हे प्रथम आकड्यांनिशी दाखवले ते लंडनच्या ल्यूक हॉवर्ड यांनी. हे गृहस्थ पेशाने औषधे बनवणारे. ढगांना आपण आज जी लॅटिन नावे देतो, त्यांची मूळ मांडणीही त्यांचीच. वर्षानुवर्षे त्यांनी शहरात आणि शहराबाहेर घेतलेल्या तापमानाच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि १८१८ ते १८२० या काळात लंडनच्या हवामानावर दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांना आढळले की रात्री शहर बाहेरच्या भागापेक्षा सरासरी ३.७ अंश फॅरनहाइटने, म्हणजे सुमारे दोन अंश सेल्सिअसने, उबदार असते. दिवसा मात्र फरक जवळजवळ नसतो, उलट शहर किंचित थंडच. मला महत्त्वाचे वाटते ते त्यांनी दिलेले कारण. दाट इमारती उष्णता धरून ठेवतात, वारा अडवतात, शहरात ओलावा कमी असतो, हे तर त्यांनी सांगितलेच. पण घराघरांतून जळणारा कोळसा आणि माणसांची गर्दी यांच्याकडेही त्यांनी बोट दाखवले. घर उबदार ठेवण्यासाठी जाळलेले इंधन धुराड्यातून बाहेर पडून सगळ्या शहराची हवा तापवते, ही गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीच कुणाच्या तरी ध्यानात आली होती. थंड देशात ती ऊब बरीच वाटली असेल. आपल्याकडे हेच गणित उलटे बसणार होते.

आता मुंबईकडे येऊ. नेसरी, आजरा, चंदगड या भागाला मुंबई काही परकी नाही. इथली कितीतरी माणसे गिरण्यांत कामाला गेली, लालबाग-परळच्या चाळींत गावकीच्या खोल्या करून राहिली. ती मुंबई कशी बनली होती? १८९६ साली तिथे प्लेगची साथ आली. हवाउजेड नसलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या इमारतींत रोग माजतो, असे तेव्हाच्या सरकारने मानले आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या ट्रस्टने दाट वस्ती फोडून रस्ते काढले. आजचा शामळदास गांधी मार्ग, म्हणजे जुना प्रिन्सेस स्ट्रीट, आणि आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, म्हणजे जुना सँडहर्स्ट रोड, हे त्यांतले मोठे रस्ते. ते पूर्व-पश्चिम काढण्यामागे वाहतुकीखेरीज आणखी एक हेतू होता: समुद्रावरचा पश्चिमेचा वारा शहराच्या पोटात खेळवायचा. म्हणजे रस्ता हा वाऱ्याचा पाट आहे, अशी ती कल्पना होती.

ट्रस्टचे जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईतल्या घरांतल्या हवाउजेडाविषयी एक व्याख्यान दिले होते. त्यांचा आग्रह साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा. खोलीच्या खिडकीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा काढली, तर तिचा जमिनीशी कोन साडेत्रेसष्ट अंशांहून जास्त नसावा. सोप्या भाषेत, समोरची इमारत मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून उंच नसावी. ऑर यांच्या मनात आजार होता, उष्णता नव्हती. पण इमारतीची उंची आणि रस्त्याची रुंदी यांचे हेच गुणोत्तर आज शहरी हवामानाचे अभ्यासक पहिल्यांदा मोजतात. अरुंद गल्लीच्या दोन्ही बाजूंना उंच भिंती असल्या, की दिवसा सावली मिळते खरी. पण रात्री तापलेल्या भिंती आपली उष्णता आकाशाकडे न सोडता एकमेकींकडेच फेकत राहतात. जमिनीला जेवढे आकाश कमी दिसते, तेवढी ती उशिरा निवते. शहरात रात्र गरम का, याचे हे एक मोठे उत्तर आहे.

आमच्या गावची माणसे ज्या चाळींत राहिली, तिथे खोली दहा बाय बाराची, पण पुढे लांबलचक गॅलरी. ही गॅलरी ऊन भिंतीपर्यंत येऊ देत नसे आणि रात्री झोपायला उपयोगी पडे. उन्हाळ्यात पुरुषमंडळी गॅलरीत, गच्चीत, नाहीतर फुटपाथवर पथारी टाकत. खोली तापली तर माणूस बाहेर जाई. बाहेरची हवा आतल्यापेक्षा बरी असे, हे त्यात गृहीत होते.

हीच माणसे दिवसभर ज्या खात्यात काम करत, तिथल्या हवेची गोष्ट आणखी बोलकी आहे. कापसाचे सूत कोरड्या हवेत तुटते. म्हणून गिरणीत हवा मुद्दाम दमट ठेवावी लागे. अमेरिकेतही कापडगिरण्यांचा हाच प्रश्न होता. तिथे विलिस कॅरियर यांनी १९०२ साली ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी हवेतला दमटपणा ताब्यात ठेवणारी यंत्रणा आखली, कारण दमटपणामुळे कागद फुगे आणि रंगांची छपाई सरके. पुढे १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर या कापडगिरण्यांच्या अभियंत्याने 'एअर कंडिशनिंग' हा शब्द घडवला. तेव्हा आपण आज ज्याला एसी म्हणतो, त्याचा जन्म माणसाच्या सुखासाठी झालेला नाही. तो कागदासाठी आणि सुतासाठी झाला. परळच्या गिरणीत दमट हवा सुताला मानवत होती. सूत कातणारा कामगार मात्र त्याच हवेत घामाने निथळत होता.

माणसासाठी गारवा विकत मिळू लागला तो आधी चित्रपटगृहांत. मुंबईचे रीगल १९३३ साली उघडले, त्याच्या वातानुकूलनाचे तेव्हा मोठे अप्रूप होते. मग हॉटेले, कचेऱ्या, दवाखाने आणि घरे. आपण एसी दीड टनाचा म्हणतो, तो टन कशाचा, हे पुष्कळांना माहीत नसते. तो बर्फाचा आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढे काम करणारे यंत्र ते एक टनाचे. १८३०च्या दशकात अमेरिकेतून जहाजाने बर्फाचे ठोकळे मुंबईत येत. गारवा बर्फाच्या वजनात मोजण्याची ती सवय यंत्राच्या नावात राहून गेली.

आता थोडे गणित करू. एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालतो तेव्हा खोलीतून सव्वापाच किलोवॅट उष्णता उपसतो. त्यासाठी त्याला सुमारे दीड किलोवॅट वीज लागते. ही उष्णता नाहीशी होत नाही, आणि खर्च झालेली वीजही शेवटी उष्णताच होते. दोन्ही मिळून पावणेसात किलोवॅट उष्णता बाहेरच्या पेटीतून गल्लीत पडते. पाणी तापवायच्या एक किलोवॅटच्या सहा-सात कॉइल उघड्यावर सुरू ठेवाव्यात तशी. बर्फ वितळला की त्याचे पाणी होते. यंत्राने मात्र गारवा निर्माण केलेला नसतो. खोलीतली उष्णता उचलून, तिच्यात भर घालून शेजारच्या हवेत नेऊन ठेवलेली असते. त्यामुळे गल्लीतली हवा तापली, की त्याच यंत्राला उष्णता बाहेर ढकलायला जास्त जोर लागतो आणि वीज जास्त जळते. एका डक्टमध्ये एकावर एक यंत्रे बसवलेली असली, तर खालच्यांची गरम हवा वरच्यांच्या तोंडी येते. ज्याच्याकडे यंत्र नाही, त्याने खिडकी उघडली तर तीच हवा आत.

अमेरिकेच्या वाळवंटी भागातल्या फीनिक्स शहराविषयी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एसी यंत्रांनी बाहेर टाकलेल्या उष्णतेमुळे त्या शहराच्या काही भागांत रात्रीचे तापमान एक अंश सेल्सिअसहून अधिक वाढते, असा त्याचा निष्कर्ष होता. रात्री हा परिणाम जास्त दिसतो, कारण दिवसा तापलेली हवा उंच चढून विरते. रात्री हवा जमिनीलगत दबून राहते आणि तिच्यात टाकलेली थोडी उष्णताही पुरते. हॉवर्डना लंडनच्या रात्रीत जे दिसले होते, तेच इथे दुसऱ्या टोकाने दिसले. तिथे ऊब हवी म्हणून कोळसा जळत होता, इथे गारवा हवा म्हणून वीज.

जमिनीलगतच्या या हवेचा अभ्यास आपल्या महाराष्ट्रात फार आधी झाला आहे, हे मला पुण्यात असताना कळले आणि अभिमान वाटला. १९२८ साली हवामान खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरची ती इमारत अजूनही 'सिमला ऑफिस' म्हणूनच ओळखली जाते. १९३२ साली पुण्यात शेती-हवामानाचा विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा डॉ. एल. ए. रामदास यांच्याकडे आली. हे सी. व्ही. रामन यांचे शिष्य. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री सर्वांत थंड हवा अगदी जमिनीला टेकून असते, असे तेव्हा सर्वत्र मानले जाई. रामदासांनी दाखवले, की उघड्या जमिनीवर ती वीतभर-हातभर उंचीवर असते. परदेशी अभ्यासकांनी आधी शंका घेतली. आज त्या थराला रामदासांचेच नाव आहे. त्यांच्याबरोबर कलमकर आणि गद्रे यांनी पिकांच्या आतली हवा मोजली. उसाच्या फडात शिरलेल्या आमच्याकडच्या प्रत्येकाला ठाऊक असते, की आतली हवा बांधावरच्या हवेहून वेगळी असते. या लोकांनी ती ताळ्यावर आणली.

रामदासांचा आणखी एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. काळ्या जमिनीच्या तुकड्यावर त्यांनी खडूच्या पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरला आणि शेजारच्या उघड्या काळ्या मातीशी तापमान ताडून पाहिले. पांढऱ्या थराखालची जमीन चांगलीच थंड राहिली. ऊन तेच, माती तीच, फरक फक्त वरच्या रंगाचा. काळा पृष्ठभाग ऊन पितो, पांढरा परत पाठवतो. आज जगभर 'थंड छप्पर' म्हणून पांढऱ्या लेपाच्या गच्च्यांचा पुरस्कार होतो, त्यामागचे तत्त्व पुण्याच्या काळ्या मातीवर १९३०च्या दशकातच तपासले गेले होते. पुढे १९७३ साली डॅनिएल आणि कृष्णमूर्ती यांनी पुणे आणि मुंबई या शहरांतल्या तापमानाच्या वाटणीवर निबंध प्रसिद्ध केला. म्हणजे शहर तापते आहे ही बातमी आपल्याला अचानक कळलेली नाही.

आमच्या जिल्ह्याचे शहर कोल्हापूर. त्याला जुनी माणसे तळ्यांचे शहर म्हणत. रंकाळा आणि कोटितीर्थ आज दिसतात. पण गांधी मैदान आहे तिथे वरुणतीर्थ होते, शाहू स्टेडियमच्या जागी रावणेश्वर तळे होते आणि कपिलतीर्थ आता मंडईच्या नावात उरले आहे. तळी बुजवणाऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. साचलेले पाणी, डास, घाण आणि वाढत्या गावाला हवी असलेली जागा ही खरी कारणे होती. पण तळे काय काम करत होते, त्याचा हिशेब कोणी मांडला नाही. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता ते हवेतून आणि जमिनीतून शोषून घेते. भर उन्हाळ्यात तळ्यातून, झाडांतून, ओल्या जमिनीतून असे हजारो लिटर पाणी रोज उडत असते. नळ नाही, मीटर नाही, बिल नाही. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार १९१५च्या सुमारास मुंबई इलाख्यातल्या गावांतून फिरले आणि पुढे १९१९ साली मुंबई विद्यापीठात प्राध्यापक झाले. डासांच्या भीतीने तळी बुजवू नका, त्यांत मासे आणि बदके सोडा, असे त्यांचे सांगणे होते. ते फार कमी ठिकाणी ऐकले गेले.

आता पुन्हा नेसरीला येऊ. गावातली घरे बदलली ती सिमेंट मुबलक झाल्यावर. सिमेंटसाठी परमिट लागायचे, ते दिवस माझ्या पिढीला आठवतात. १९८२ साली सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ साली पूर्ण. मग मुंबईहून आलेला पैसा, उसाचा पैसा, नोकरदार मुलांचा पैसा स्लॅबमध्ये ओतला गेला. यात लोकांचे चुकले असे म्हणण्याचा माझा विचार नाही. कौलारू घराचे हाल मी पाहिले आहेत. दर वर्षी पावसाच्या तोंडावर कौले परतायची, फुटकी बदलायची, वानरांनी उच्छाद मांडला की पुन्हा चढायचे. वाशांना वाळवी लागायची. आठवड्याला सारवण, आणि ते बायकांच्या वाट्याला. आमच्याकडच्या झोडपणाऱ्या पावसात भिंतीला ओल धरायची ती दिवाळीपर्यंत सुकायची नाही. स्लॅबने या सगळ्यातून सोडवले. वर गच्ची मिळाली, पापड-सांडगे वाळवायला जागा मिळाली, पुढे वर मजला चढवायची सोय झाली.

पण स्लॅबचा स्वभाव कौलाच्या उलटा आहे. चार-पाच इंचांचे काँक्रीट दिवसभर ऊन पीत राहते आणि दोन-तीन तासांच्या अंतराने ते खाली देऊ लागते. म्हणजे दुपारी दोनचे ऊन संध्याकाळी पाचला खोलीत उतरते, आणि त्या जाडीत साठलेली धग रात्री दहा-अकरापर्यंत पुरते. खाली पंखा सुरू असतो, पण तो स्लॅबची तापलेली हवाच अंगावर टाकतो. त्यातच जुनी घरे पाडताना परडे आत घेतले जाते, कारण आणखी एक खोली निघते. अंगणात फरशी येते. गल्ली काँक्रीटची होते, चिखल जातो ही चांगली गोष्ट, पण पाणी मुरायची आणि वाफ व्हायची जागाही जाते. दोन मजल्यांच्या दोन ओळी समोरासमोर उभ्या राहिल्या, की ऑर यांचा कोन कधीच ओलांडलेला असतो. जी हवा मी लालबागेत पाहिली, ती आठ-दहा फुटी गल्लीत आमच्या गावात तयार होते, आणि गावाबाहेर शेतात पाऊल टाकले की अंगाला गार झुळूक लागते.

२००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्रात भारनियमनाची गेली. तेव्हा हा फरक फार ठळक झाला. वीज गेली की जुन्या घरातला माणूस सोप्यात बसून राही, आणि स्लॅबच्या घरातला गच्चीवर धावे. काहींनी इन्व्हर्टर घेतले. मग कूलर आले. कूलर पाण्याची वाफ करून हवा थंड करतो. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याची ताटी आणि कूलर यांचे राज्य आहे ते त्यामुळेच. आमच्याकडे मार्च-एप्रिलच्या कोरड्या दिवसांत तो चालतो. पण वळवाचे ढग जमून हवा कोंदट झाली की कूलर नुसता ओलावा वाढवतो आणि अंग चिकचिकते. तेव्हा लोक पुढच्या यंत्राकडे बघू लागतात. बाजारपेठेतल्या दुकानांवर, दवाखान्यांवर, काही घरांवर एसीच्या पांढऱ्या पेट्या आता आमच्याकडेही दिसतात.

ही संख्या वाढणार, यात शंका नाही. केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये जाहीर केलेल्या शीतकरण कृती आराखड्यात असा अंदाज आहे, की २०१७-१८च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत देशातली शीतकरणाची गरज सुमारे आठपट होईल. ज्येष्ठ माणसे, आजारी माणसे, तान्ही मुले यांना ऐन उन्हाळ्यात गारवा मिळणे ही चैन नाही, हे मी पहिल्यांदा मान्य करीन. प्रश्न इतकाच, की घरच आधी तापले नाही, तर यंत्राला किती कमी काम पडेल? आणि त्या यंत्राच्या उष्णतेचा भार कोणाच्या दारात पडेल? गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या घरात राहणाऱ्या बाईला एसी परवडत नाही. तिच्या खिडकीसमोर शेजाऱ्याची पेटी लागते. तिचे बिल वाढत नाही, तिची झोप जाते. हा व्यवहार कोणत्याच कागदावर येत नाही.

कायद्याने काही पावले टाकली आहेत. मोठ्या व्यापारी इमारतींसाठी २००७ साली ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली, निवासी संकुलांसाठी २०१८ साली इको निवास संहिता आली. १ जानेवारी २०२० पासून नवा एसी सुरू होतो तेव्हा तो आपोआप २४ अंशांवर लागलेला असावा, असा नियम झाला. हे सगळे चांगलेच आहे. पण या संहिता मोठ्या इमारतींच्या, मोठ्या भूखंडांच्या. अर्ध्या गुंठ्यावरचे गावातले घर त्यांच्या नजरेत येत नाही. ते घर गवंडी, घरमालक आणि त्याची घरची माणसे यांच्या बोलण्यात ठरते. आणि त्या बोलण्यात सळई किती, टाइल्स कोणत्या, रंग कोणता, हे सगळे येते; सूर्य कुठून येणार, हे क्वचितच येते.

म्हणून गावात कुणी पाया खणायला घेतला की मी चार साध्या गोष्टी सांगतो. पश्चिमेच्या भिंतीला मोठी उघडी खिडकी ठेवू नका. ठेवलीच तर तिच्यावर रुंद छज्जा काढा. मुंबईत चार्ल्स कोरिया यांनी १९८३च्या कांचनजंगा इमारतीत उन्हा-पावसापासून बचावासाठी खोल गच्च्या घातल्या, त्यांच्यामागे आपल्या सोप्याचीच अक्कल होती. दुसरे, जांभा मिळतो आहे तोवर निदान उन्हाकडची भिंत त्याची करा. तिसरे, गच्ची काळी ठेवू नका. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर चुन्याचा हात मारा. पावसात तो जातो, शेवाळ धरते, पुन्हा मारावा लागतो. पण कौले परतण्यापेक्षा ते काम सोपे आणि स्वस्त आहे. परवडत असेल त्याने पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे चिनी मोझॅक करावे. ते वर्षानुवर्षे टिकते. चौथे, परड्यातली चार हात जागा मोकळी सोडा आणि तिथे एक झाड लावा. यातले कोणतेच काम नवे नाही, आणि कुठल्याही गवंड्याला ते शिकवावे लागत नाही.

यातली पहिली दोन कामे घरमालकाच्या फायद्याची. शेवटची दोन गल्लीच्याही फायद्याची आहेत. पांढरी गच्ची ऊन आकाशाकडे परत पाठवते, झाड सावली आणि वाफ दोन्ही देते, आणि घर थंड राहिल्याने यंत्र कमी चालून गल्लीत उष्णता कमी पडते. मुंबईसारख्या शहरात आता इमारती पाडून रस्ते रुंद करता येत नाहीत. तिथे शे-सव्वाशे वर्षांपूर्वी ट्रस्टला किती पैसा आणि किती माणसांची घरे खर्ची घालावी लागली, हे त्या काळच्या कागदपत्रांत आहे. नेसरीसारख्या गावांत अजून अर्धी घरे बांधायची आहेत. बांधकामाची परवानगी देताना ग्रामपंचायतीने नाल्याबरोबर झाडाची जागा विचारावी, शाळेच्या आणि दवाखान्याच्या गच्च्या आधी पांढऱ्या कराव्यात, एवढे तरी या उन्हाळ्यात होऊ शकते. एकदा स्लॅब पडला की तो पन्नास वर्षे तिथेच राहतो, आणि तितकी वर्षे त्याची धग कुणाला ना कुणाला झेलावी लागते.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)